माध्यमिक शाळेत राजकीय शिक्षण सुरू करताना वादाचे प्रश्न वर्गात कसे आणावेत?

वर्गशिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. आमच्या शाळेने आठवी ते दहावी या तीन इयत्तांसाठी नागरी आणि राजकीय शिक्षणाचा वेगळा कार्यक्रम सुरू करायचे ठरवले आहे आणि त्याचा पहिला आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सध्या आम्ही कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांची रचना शिकवतो, हक्क आणि कर्तव्ये शिकवतो, निवडणुकीचे टप्पे शिकवतो. मुले ते नीट पाठ करतात आणि त्यांना गुणही चांगले मिळतात. मात्र एखाद्या कायद्याला काही लोकांचा विरोध का आहे, एकाच आकडेवारीवरून दोन पक्ष उलट निष्कर्ष कसे काढतात, किंवा प्रशासनाचा एखादा निर्णय अन्यायाचा वाटला तर नागरिकाने नेमके कोणाकडे आणि कसे जायचे, असे विचारले की तीच मुले गप्प होतात. ज्या वयात त्यांना काही वर्षांतच मतदानाचा हक्क मिळणार आहे, त्या वयात ही शांतता मला अस्वस्थ करते.

माझी मुख्य अडचण वादाच्या प्रश्नांची आहे. ते वर्गात आणले नाहीत तर विषय पुन्हा घोकंपट्टीचा होतो. आणले तर शिक्षक आपले मत मुलांवर लादतात असा आक्षेप पालकांकडून येऊ शकतो, आणि तो आक्षेप नेहमीच निराधार असतो असेही मला म्हणता येत नाही. शिक्षकाने स्वतःचे मत सांगावे की लपवावे? प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असतात असे धरून चालावे का? हा विषय स्वतंत्र तासिकेत शिकवावा की इतिहास, भूगोल, भाषा, विज्ञान या सगळ्यांत विभागून द्यावा? ज्यांनी अशा कार्यक्रमावर काम केले आहे किंवा इतर देशांतील अनुभवांचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना फळा

आपण विचारलेल्या प्रश्नावर सर्वांत उपयोगी पडेल असा विचार जर्मनीत झालेला आहे आणि तो शांत काळात झालेला नाही, हे त्याचे महत्त्व आहे. १९७० च्या दशकात तिथल्या प्रांतांमध्ये शाळेतील राजकीय शिक्षण कशासाठी असावे यावर डाव्या आणि उजव्या विचारांच्या शिक्षणतज्ज्ञांमध्ये तीव्र संघर्ष होता. अभ्यासक्रमच निवडणुकीच्या प्रचाराचा विषय झाला होता. १९७६ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताच्या राजकीय शिक्षण केंद्राने दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना बॉयटेल्सबाख या गावी एकत्र बोलावले. तिथे ठराव झाला नाही, मतदानही झाले नाही. चर्चेत ज्यावर कोणीच आक्षेप घेतला नाही असे तीन मुद्दे हान्स-गेऑर्ग व्हेलिंग यांनी नंतर लिहून काढले आणि तेच पुढे ‘बॉयटेल्सबाख सहमती’ म्हणून सर्वमान्य झाले.

पहिला मुद्दा असा की विद्यार्थ्याला त्याचा स्वतंत्र निर्णय करू न देता इष्ट वाटणाऱ्या मतापर्यंत ढकलत नेणे शिक्षकाला निषिद्ध आहे. दुसरा असा की विद्वानांमध्ये आणि राजकारणात जो प्रश्न वादग्रस्त आहे, तो वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडला गेला पाहिजे. तिसरा मुद्दा बरेच जण विसरतात: विद्यार्थ्याला एखादी राजकीय परिस्थिती आणि तीत गुंतलेले स्वतःचे हितसंबंध ओळखता आले पाहिजेत, आणि त्या परिस्थितीवर प्रभाव टाकण्याचे मार्ग शोधता आले पाहिजेत. पहिले दोन मुद्दे शिक्षकाला बांधून घेतात, तिसरा विद्यार्थ्याला उभे करतो. केवळ पहिले दोन पाळणारा शिक्षक निर्दोष ठरेल, पण त्याच्या वर्गातून बाहेर पडणारा मुलगा प्रेक्षकच राहील.

दुसऱ्या मुद्द्यातच आपल्या एका शंकेचे उत्तर आहे. जे वादग्रस्त आहे ते वादग्रस्त म्हणून मांडायचे. जे वादग्रस्त नाही, त्याला ओढूनताणून दुसरी बाजू जोडायची नाही. तंबाखूने कर्करोग होतो का, या प्रश्नाला वर्गात दोन बाजू देणे ही निःपक्षपातीपणाची खोटी कल्पना आहे, कारण तिथे पुराव्याने निर्णय झालेला आहे. स्त्रियांना मताधिकार असावा का, हा प्रश्न एके काळी खुला होता, आज तो मिटलेला आहे. तो इतिहास म्हणून शिकवावा, वादविवाद स्पर्धेचा विषय म्हणून नव्हे. याउलट मतदानाचे वय किती असावे, श्रीमंतांवर किती कर लावावा, मतदान सक्तीचे असावे का, हे खरोखर खुले प्रश्न आहेत, कारण सर्व तथ्ये मान्य करूनही विचारी माणसे तिथे वेगवेगळ्या निर्णयाला येतात. कोणताही विषय वर्गात नेण्यापूर्वी तो खुला आहे की मिटलेला, हे शिक्षकांनी आपसांत बसून ठरवावे आणि ठरवण्याचे कारण लिहून ठेवावे. हीच नोंद पुढे पालकांसमोरही ठेवता येते. आणखी एक मर्यादा मी कधीही ओलांडू देत नाही: वर्गात बसलेल्या कोणत्याही मुलाचे माणूस म्हणून असलेले समान मोल हा चर्चेचा विषय होऊ शकत नाही.

शिक्षकाच्या मताविषयी माझा निर्णय असा आहे. चर्चा चालू असताना शिक्षकाने मत सांगू नये, कारण तेराचौदा वर्षांची मुले गुण देणाऱ्या माणसाचे मत ऐकल्यावर स्वतःचा शोध थांबवतात. प्रकरण पूर्ण झाल्यावर एखाद्या विद्यार्थ्याने थेट विचारले, तर ‘हे माझे मत आहे, त्याची ही कारणे आहेत, आणि त्यावर सर्वांत बळकट आक्षेप हा आहे’ अशा स्वरूपात ते सांगावे. आपल्याला मतच नाही असे भासवणारा शिक्षक मुलांना नकळत शिकवतो की समंजस माणसाने राजकारणाविषयी मत बाळगू नये. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यातील ४०६ आणि ४०७ या कलमांत हीच रेषा कायद्याने आखलेली आहे: अध्यापनातून पक्षीय मताचा प्रसार करण्याला बंदी आहे आणि राजकीय प्रश्न शिकवताना परस्परविरोधी मते समतोलपणे मांडण्याची जबाबदारी शाळेवर आहे. चर्चेला तिथे बंदी नाही.

पहिले प्रकरण म्हणून मी मतदानाच्या वयाचा प्रश्न सुचवेन, कारण तो मुलांच्या जवळचा आहे आणि कोणत्याही एका पक्षाशी जोडलेला नाही. पहिल्या तासिकेत केवळ तथ्ये द्यावीत. अमेरिकेने १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने हे वय २१ वरून १८ केले, भारताने १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने तेच केले. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने १६ आणि १७ वर्षांच्या नागरिकांना ऐच्छिक मताधिकार दिला. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये राष्ट्रीय निवडणुकांसाठी वय १६ केले. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या सार्वमतात १६ वर्षांच्या मुलांनी मतदान केले. बहुतेक देशांत मात्र ते १८ वर आहे. दुसऱ्या तासिकेत चार-चार जणांचे गट करावेत, प्रत्येक गटातील दोघांना एक बाजू आणि दोघांना दुसरी बाजू चिठ्ठ्या टाकून द्यावी, आणि प्रत्येक जोडीने आपली बाजू मांडल्यानंतर समोरच्या जोडीचे म्हणणे तिला मान्य होईल अशा शब्दांत परत सांगावे. तिसऱ्या तासिकेत बाजूंची अदलाबदल करावी. त्यानंतरच ‘आता तुमचे स्वतःचे मत काय’ असे विचारावे, आणि तेही गुप्त मतदानाने. चिठ्ठीने मिळालेली बाजू मांडताना मुलाला मित्रांसमोर स्वतःच्या मताचे रक्षण करण्याचे ओझे नसते, म्हणून तो युक्तिवादाकडे पाहू शकतो.

वेळापत्रक

वरील उत्तरातील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, तरी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. या विषयाविषयी आपण फार मोठ्या अपेक्षा बाळगतो आणि वेळ मात्र देत नाही. अमेरिकेत १९६८ मध्ये लँग्टन आणि जेनिंग्ज यांनी माध्यमिक शाळांतील नागरिकशास्त्राच्या अभ्यासक्रमांचा परिणाम तपासला, तेव्हा बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या राजकीय ज्ञानात आणि वृत्तीत त्यांना जवळजवळ काहीच फरक आढळला नाही. पुढे तीस वर्षांनी निएमी आणि जून यांनी अधिक बारकाईने विश्लेषण करून परिणाम होतो असे दाखवले. माझ्या मते या दोन निष्कर्षांतून घ्यायचा बोध असा की विषयाचे नाव वेळापत्रकात असणे आणि तो विषय खरोखर शिकवला जाणे यांत मोठे अंतर आहे.

म्हणून सर्व विषयांत विभागून देण्याच्या कल्पनेला माझा स्पष्ट विरोध आहे. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही, हा शाळेतला रोजचा अनुभव आहे. ऑस्ट्रियाने १९७८ मध्येच राजकीय शिक्षण हे सर्व विषयांना लागू असलेले अध्यापनाचे तत्त्व ठरवले होते; तरीही मतदानाचे वय कमी झाल्यावर त्याला इतिहासाच्या जोडीने आठव्या शालेय वर्षापासून विषय म्हणून निश्चित जागा द्यावी लागली. इंग्लंडमध्ये बर्नार्ड क्रिक यांच्या समितीने १९९८ मध्ये शिफारस केली आणि २००२ पासून ११ ते १६ वयोगटाला हा विषय सक्तीचा झाला, पण कसा शिकवायचा ते बरेचसे शाळांवर सोडले गेले. त्यानंतर २००१ ते २०१० या काळात झालेल्या दीर्घ पाहणीत शाळाशाळांमध्ये प्रचंड तफावत दिसली. ज्या शाळांत वेगळी आणि नियमित तासिका, विषयाची तयारी असलेला शिक्षक आणि परीक्षा या गोष्टी होत्या, तिथे परिणाम अधिक चांगले होते. आठवड्याला एक पूर्ण तासिका तीनही वर्षे मिळणार नसेल, तर कार्यक्रम सुरूच करू नये इथपर्यंत माझे मत आहे.

ज्ञानाकडे तुच्छतेने पाहू नये, ही दुसरी विनंती. अंदाजपत्रक कोण मंजूर करते, न्यायालय कायदा कोणत्या कारणाने रद्द करू शकते, अध्यादेश आणि कायदा यांत काय फरक आहे, हे ज्याला माहीत नाही त्याची चर्चा ऐकीव मतांच्या देवाणघेवाणीपलीकडे जात नाही. पाठांतराला कंटाळून आपण पाठच टाकून देऊ नयेत.

खुली खिडकी

‘वेळापत्रक’ यांच्या स्वतंत्र तासिकेच्या आग्रहाशी मी सहमत आहे, परंतु ती तासिका पुरेशी आहे या गृहीताशी नाही. मुले लोकशाहीविषयी सर्वांत जास्त शिकतात ती शाळा कशी चालते ते पाहून. आठवड्यातील एका तासिकेत सहभागाचे महत्त्व सांगितले गेले आणि उरलेल्या सर्व वेळी नियम का आहेत हे विचारण्याचीही सोय नसली, तर मूल दुसऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

यानुष कोरचाक यांनी वॉर्सामध्ये १९१२ पासून चालवलेल्या अनाथाश्रमात मुलांचे न्यायालय होते. ज्या मुलांवर त्या आठवड्यात तक्रार नसेल, त्यांतून चिठ्ठीने न्यायाधीश निवडले जात. मोठ्या माणसांवरही तक्रार करता येई आणि कोरचाक स्वतः त्या न्यायालयासमोर उभे राहिले होते. त्याच्या संहितेतील पहिली नव्याण्णव कलमे निर्दोष ठरवण्याची किंवा क्षमा करण्याची होती. आजच्या शाळेने ते जसेच्या तसे उचलावे असे मी सुचवत नाही, पण ज्याच्या हाती सत्ता आहे तोही त्याच नियमांना बांधलेला आहे, ही कायद्याच्या राज्याची कल्पना मुलांना याहून स्पष्टपणे दाखवणारी दुसरी व्यवस्था मला माहीत नाही.

बहुतेक शाळांत वर्गप्रतिनिधी किंवा विद्यार्थी मंडळ असतेच, पण त्यांच्याकडे समारंभाची तयारी आणि शिस्तीवर देखरेख एवढेच काम असते. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना हाताशी धरणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते बोलावणे यांना, सहभाग मानण्यास नकार दिला. आपल्या विद्यार्थी मंडळाची पायरी कोणती, हे एकदा प्रामाणिकपणे तपासावे. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: मंडळाने गेल्या वर्षी घेतलेला असा एखादा निर्णय आहे का, जो शाळेला आवडला नव्हता आणि तरीही अमलात आला?

पोर्तुगालने २०१७ पासून सरकारी शाळांतील सातवी आणि पुढच्या विद्यार्थ्यांसाठी सहभागी अंदाजपत्रकाची योजना सुरू केली. शाळेसाठी एक रक्कम राखून ठेवली जाते, विद्यार्थी प्रस्ताव तयार करतात, त्यासाठी सह्या गोळा करतात, प्रचार करतात आणि मतदानाने निवडलेला प्रस्ताव शाळेला पूर्ण करावा लागतो. रक्कम लहान असली तरी चालते, पण ती खरी असली पाहिजे आणि निर्णय नंतर फिरवता कामा नये. वाचनालयासाठी कोणती पुस्तके घ्यावीत यावर खरेखुरे मतदान घेऊन त्यात पराभूत झालेल्या मुलाला, आपण हरलो तरी व्यवस्था न्याय्य असू शकते हे समजते. लटक्या संसदेतील भाषणाने ते समजत नाही, कारण तिथे हरण्याजोगे काही नसते.

अमेरिकेतील १९६९ चा टिंकर खटला नववीच्या वर्गाला अवश्य वाचायला द्यावा. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत आल्याबद्दल ज्यांना निलंबित केले गेले, त्यांत तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर होती. शाळेत पाऊल ठेवल्याने विद्यार्थ्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही, मात्र शाळेच्या कामात मोठा व्यत्यय येत असेल तर शाळेला मर्यादा घालता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. आपल्या वयाच्या मुलीचे नाव खटल्यात वाचल्यावर मुले ज्या लक्षाने निकालाचे तर्क तपासतात, ते लक्ष हक्कांच्या यादीला कधी मिळत नाही.

वर्गशिक्षिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. स्वतंत्र तासिकेचा आग्रह मी आराखड्यात धरणार आहे, आणि खुले व मिटलेले प्रश्न वेगळे करण्याची नोंद ही मला फार उपयुक्त सूचना वाटली. तीन गोष्टी अजून सुटत नाहीत. वर्गात ज्या मुलाच्या कुटुंबाचे मत इतर सर्वांहून वेगळे आहे, ते मूल चर्चेच्या वेळी एकटे पडते. त्याचे रक्षण कसे करावे? मूल्यमापन करताना आपण नकळत आपल्याशी सहमत असलेल्या उत्तराला जास्त गुण देत नाही, याची खात्री कशी करावी? आणि पालकांना विश्वासात कसे घ्यावे? काहींना तर शाळेत राजकारणाचे नावही नको असते.

पडताळणी

एकट्या पडणाऱ्या मुलाचा प्रश्न आपण विचारला याचा मला आनंद वाटला, कारण वर्गातील ‘मोकळी चर्चा’ बहुतेक वेळा बोलक्या बहुमताची चर्चा असते. नागरी शिक्षणाच्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत २८ देशांतील चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला होता. ज्या वर्गांत मत मांडायला आणि शिक्षकाशी असहमत व्हायला मोकळीक असल्याचे मुलांनी सांगितले, त्या वर्गांतील मुलांचे नागरी ज्ञान आणि पुढे मतदान करण्याची तयारी अधिक असल्याचे तिच्यात दिसले. म्हणजे वर्गातील वातावरण ही केवळ सौजन्याची बाब नाही, शिकण्याशी तिचा थेट संबंध आहे. मात्र मोकळीक आपोआप निर्माण होत नाही, तिच्यासाठी नियम लागतात.

मी काही नियम पाळते. चर्चेपूर्वी प्रत्येकाने पाच मिनिटे लिहायचे, म्हणजे पहिले बोलणाऱ्याचे मत वर्गाचे मत होत नाही. कोणाला त्याच्या घरचे, जातीचे, धर्माचे किंवा समूहाचे मत सांगायला कधीही सांगायचे नाही; मूल स्वतःपुरते बोलेल किंवा गप्प राहील, आणि गप्प राहण्याचा हक्क गुण न कापता मिळेल. ज्या बाजूला वर्गात कोणी नाही, ती बाजू शिक्षकाने छापील उताऱ्यातून वर्गात आणायची, आणि तो उतारा त्या बाजूच्या सर्वांत समर्थ मांडणीचा असायला हवा. कमकुवत उतारा निवडून समतोल दाखवणे हा लादण्याचाच एक प्रकार आहे, आणि तो सहसा पकडला जात नाही.

मूल्यमापनासाठी मला सर्वांत भरवशाचे वाटते ते लेखन असे: विद्यार्थ्याने स्वतःचे मत एका परिच्छेदात लिहावे, आणि त्यानंतर दोन परिच्छेदांत विरुद्ध मत अशा रीतीने मांडावे की ते मत असलेल्या माणसाने ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणावे. गुण दुसऱ्या भागाला जास्त द्यावेत. दावा आणि पुरावा यांची जोडणी बरोबर आहे का, मतभेद तथ्यांविषयी आहे की मूल्यांविषयी हे ओळखले आहे का, आणि कोणता पुरावा मिळाल्यास आपले मत बदलेल हे लिहिले आहे का, एवढे तपासावे. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकावे आणि काही उत्तरपत्रिका वेगळे मत असलेल्या सहशिक्षकाकडून तपासून घ्याव्यात. दोघांच्या गुणांत वारंवार एकाच दिशेने फरक पडला, तर तो आपल्या कलाचा पुरावा समजून निकष पुन्हा लिहावेत.

मूल्यमापनाशी जोडलेली एक गोष्ट इथेच सांगते. मुलांना राजकीय माहिती आता पाठ्यपुस्तकापेक्षा कितीतरी जास्त मोबाइलवरून मिळते, आणि संकेतस्थळ नीटनेटके दिसते का, त्यावर संस्थेचे नाव आहे का, अशा खुणांवरून ती विश्वास ठेवतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना केली, तेव्हा तथ्यतपासनीस अनोळखी पानावर फार वेळ थांबत नाहीत असे दिसले. ते लगेच बाहेर पडून त्या संस्थेविषयी इतर लोक काय सांगतात ते शोधतात. पानाच्या आत शिरून बारकाईने वाचत बसणारे मात्र अनेकदा फसले. ही सवय थोड्या तासिकांत लावता येते आणि प्रात्यक्षिक परीक्षेत तपासताही येते, म्हणून आठवीच्या पहिल्याच सत्रात तिला जागा द्यावी.

जुना फळा

पालकांच्या प्रश्नावर थोडे लिहितो. भीतीपोटी विषय पूर्णपणे बाहेर ठेवण्याचा प्रयोग जपानमध्ये दीर्घकाळ झालेला आहे. तिथल्या मूलभूत शिक्षण कायद्याने राजकीय समज महत्त्वाची मानली होती आणि शाळेने एखाद्या पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात शिक्षण देण्याला मनाई केली होती, हे दोन्ही योग्यच होते. परंतु १९६९ मध्ये, विद्यार्थी आंदोलनांच्या काळात, शिक्षण मंत्रालयाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या राजकीय हालचालींवर कडक निर्बंध घालणारे परिपत्रक काढले, आणि चालू प्रश्नांना हात न लावणे हीच शिक्षकांना सुरक्षित वाट वाटू लागली. २०१५ मध्ये मतदानाचे वय १८ करण्याचा कायदा झाल्यावर वर्गात बसलेलेच काही विद्यार्थी मतदार होणार होते, तेव्हा ते परिपत्रक बदलावे लागले आणि २०२२ पासून उच्च माध्यमिक शाळेत सार्वजनिक जीवनाचा नवा सक्तीचा विषय आणावा लागला. राजकारणाचे नाव न काढणाऱ्या पालकांना मी हेच सांगेन की मुले राजकारणाविषयी ऐकणारच आहेत. शाळेत ते ऐकताना समोर दुसरी बाजू आणि पुरावा असेल, एवढाच फरक आहे.

प्रत्यक्षात पालकांना तत्त्वे सांगून फारसा उपयोग होत नाही, साहित्य दाखवून होतो. सत्र सुरू होण्यापूर्वी पालकसभेत वाचनाचे सर्व उतारे, दोन्ही बाजूंचे, मांडून ठेवावेत. कोणत्या प्रश्नाला खुला मानले आणि का, ती नोंद वाचायला द्यावी. आणि एखादी बाजू अपुरी मांडली आहे असे कोणाला वाटले तर त्यांनी अधिक चांगला उतारा सुचवावा, शिक्षकांचा गट त्यावर लेखी उत्तर देईल, असे जाहीर करावे. आक्षेपासाठी वाट ठरलेली असली की तो मुख्याध्यापकांच्या दारात वादळ होऊन येत नाही.

पक्षांच्या प्रतिनिधींना शाळेत बोलवावे का, हा प्रश्न आपल्याला लवकरच विचारला जाईल. नॉर्वेत राष्ट्रीय निवडणुकीच्या थोडे आधी उच्च माध्यमिक शाळांत प्रतीकात्मक मतदान होते आणि पक्षांच्या युवा शाखा तिथे वादसभा घेतात. जर्मनीतही १९९९ पासून निवडणुकांच्या वेळी शाळांत असे मतदान घेतले जाते. ही पद्धत चांगली आहे, पण पहिल्या वर्षी मी ती टाळेन. एकाच पक्षाचा वक्ता आला आणि दुसऱ्याला वेळ जमली नाही, एवढ्यावरूनही नव्या कार्यक्रमाची विश्वासार्हता जाऊ शकते. तिसऱ्या वर्षी, दहावीच्या मुलांना प्रश्न विचारण्याचा सराव झाल्यावर, सर्व पक्षांना एकाच दिवशी, सारखाच वेळ देऊन आणि प्रश्न मुलांनीच विचारायचे या अटीवर बोलवावे. आणि त्या सभेच्या आदल्या आठवड्यातील तासिका प्रश्न तयार करण्यासाठी पूर्ण मोकळी ठेवावी.